मीट पाय घरी करताना: रस्सा आत, पारी कोरडी

मराठीत 'मटणाचा पाय' म्हटलं की पायासूप डोळ्यांपुढे येतं, म्हणून इथे पूर्ण नावच वापरू: मीट पाय. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हा आपल्या वडापावच्या जागी आहे. पेट्रोल पंप, शाळेचं कँटीन, कोपऱ्यावरची बेकरी, फुटीचं (तिकडच्या फुटबॉलचं) मैदान, कुठेही तो गरम कपाटात ठेवलेला असतो आणि कागदी पिशवीत हातात पडतो. तळहाताएवढा गोल. खाली आणि बाजूंनी खुसखुशीत पारी, वर पापुद्र्यांचं झाकण, आत खिमा आणि दाट तपकिरी ग्रेव्ही. काटाचमचा लागत नाही. कारखान्यात बनणारा नेहमीचा पाय १७५ ग्रॅमच्या आसपास असतो. दोन्ही देशांच्या सामाईक अन्नमानकानुसार 'मीट पाय' हे नाव लावायचं तर एक किलो पायमध्ये किमान २५० ग्रॅम मांस असावं लागतं. खाली दिलेल्या प्रमाणात ते साधारण ३७ टक्के येतं.

आपल्याकडच्या इराणी बेकरीतलं मटण पॅटीस याच्या जवळचं वाटतं, पण रचनेत मोठा फरक आहे. पॅटीसचं सारण कोरडं असतं, म्हणून ते चारही बाजूंनी पफमध्ये गुंडाळलं तरी चालतं. मीट पायमध्ये सारण ओलं असतं, आणि ते ओलंच हवं. चावा घेतल्यावर ग्रेव्ही दिसली नाही तर तो पाय फसला. त्यामुळे सगळी कसरत एकाच गोष्टीची आहे: तासभर ओल्या सारणाला चिकटून बसलेली पारी कोरडी आणि ताठ ठेवायची. पुढची प्रत्येक पायरी तेवढ्यासाठी आहे. एखादी का गाळू नये हेही त्यातूनच कळेल.

वेळेचं गणित आधी बघा. सारण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये जायला हवं. पीठंही आदल्या दिवशी भिजवली तर उत्तम. दुसऱ्या दिवशी लाटणं, भरणं आणि भाजणं यांना मिळून दीड तास लागतो. एकाच दिवशी सगळं उरकायचा हट्ट धरलात तर गरम सारण भरायचा मोह होतो, आणि तिथेच बिघडतं.

प्रमाण सहा पायांचं आहे. साचे तोंडाशी ११ सेंटिमीटर, तळाशी ८ ते ९ आणि खोली ३ सेंटिमीटर. पॅकेजिंगच्या दुकानात मिळणारी फॉइलची गोल भांडी चालतात. काळसर पत्र्याचे साचे सर्वात चांगले, कारण ते उष्णता शोषतात. चकचकीत स्टीलची वाटी उष्णता परतवते, तळ पांढरा राहतो. सिलिकॉनचे साचे या कामाला नकोतच.

सारण

मूळ पाय गोमांसाचा. महाराष्ट्रात गाईबरोबरच २०१५पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, आणि अनेक घरांत तो प्रश्न मुळातच येत नाही. तेव्हा इथे बोकडाचा खिमा धरला आहे. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथल्या खाटकाकडे 'मटन' म्हणजे वयस्क मेंढी. बोकड हवा असेल तर 'गोट' मागावं लागतं, आणि तो सगळीकडे मिळत नाही. लॅम्बचा खिमा सर्वत्र मिळतो, पायला तोही छान.

खिमा ६०० ग्रॅम. खांद्याचं किंवा मांडीचं मांस घ्या आणि त्यात थोडी चरबी घालून मशीनमधून एकदाच काढायला सांगा. शंभर ग्रॅमला १५ ग्रॅम चरबी हा चांगला अंदाज. दोनदा काढलेला खिमा शिजल्यावर पिठूळ होतो. अगदी बिनचरबीचा खिमा सुका आणि दाताखाली रबरी लागतो, ग्रेव्ही कितीही असली तरी.

बाकी सामान असं: तेल १ टेबलस्पून, बारीक चिरलेला कांदा २०० ग्रॅम (दोन मध्यम), टोमॅटो पेस्ट १ टेबलस्पून, मैदा ३० ग्रॅम, वूस्टरशर सॉस १ टेबलस्पून, डार्क सोया सॉस १ टीस्पून, भरड कुटलेली काळी मिरी १ टीस्पून, चिमूटभर जायफळ, एक तमालपत्र, ४५० मिलिलिटर स्टॉक आणि सर्वात शेवटी मीठ. ज्यांच्या घरी व्हेजिमाइटची (यीस्टच्या अर्काच्या खारट ऑस्ट्रेलियन लेपाची) बाटली आहे त्यांनी सोया सॉसऐवजी अर्धा टीस्पून ते घालावं, खारट-मांसल गोडी त्याची जास्त अस्सल येते. टोमॅटो पेस्ट म्हणजे घट्ट आटवलेली. टोमॅटो प्युरी घातली तर पाणी आणि आंबटपणा दोन्ही वाढतात. वूस्टरशर सॉसमध्ये मासा असतो, कुणाला मासे वर्ज्य असतील तर विचारून घ्या.

स्टॉकसाठी क्यूब चालतो, पण इथे आपल्याकडे एक हुकमी पत्ता आहे: पाया. दोन पाये कुकरला तासभर मंद आचेवर शिजवून गाळून घेतलेलं पाणी फ्रिजमध्ये जेलीसारखं गोठतं. तेच पायच्या सारणात वापरलं तर गार सारण घट्ट बसतं, भरायला सोपं जातं, आणि भट्टीत पुन्हा वितळून ग्रेव्ही होतं. त्यात आलं-लसूण-मसाला मात्र घालू नका. पायासाठी केलेला पाया, एवढी कोटी करून पुढे जाऊ.

जाड बुडाच्या पसरट भांड्यात तेल कडक तापवा आणि निम्माच खिमा घाला. सगळा एकदम टाकला तर भांडं थंडावतं, खिम्याला पाणी सुटतं आणि तो भाजण्याऐवजी उकडला जातो. पाणी सुटलंच तर आच तशीच मोठी ठेवून आवाज ऐका. आधी खदखद ऐकू येते. पाणी आटलं की तीच चरचर होते, आणि मग दोन-तीन मिनिटांत बुडाशी तपकिरी थर धरतो. तो थर म्हणजे ग्रेव्हीचा रंग. हा खिमा बाजूला काढून उरलेला तसाच परता. मग त्याच भांड्यात कांदा घाला आणि मध्यम आचेवर ८ ते १० मिनिटं, मऊ आणि सोनेरी होईपर्यंत. टोमॅटो पेस्ट घालून एक मिनिट, खिमा परत आत, वरून मैदा भुरभुरवून दोन मिनिटं परता. मैद्याचा कच्चा वास गेला की स्टॉक तीन हप्त्यांत घाला, दरवेळी बूड खरवडून. सॉस, मिरी, जायफळ, तमालपत्र टाका.

झाकण ठेवून मंद आचेवर बोकडाचा खिमा ४५ मिनिटं, लॅम्ब ३० आणि चिकन १५ मिनिटं. मधूनमधून ढवळा, मैद्यामुळे बुडाला लागतं. नंतर झाकण काढून आटवा.

किती आटवायचं, यावर अर्धा पाय अवलंबून आहे. आपल्या भाषेत 'अंगाबरोबर रस्सा' म्हणतात तितकं. भांड्यात चमचा ओढला की तळ दिसावा आणि ग्रेव्हीने तो दोन-तीन सेकंदांनी हळूच झाकावा. लगेच झाकला गेला तर पातळ आहे. तसाच उघडा राहिला तर जास्त आटलं, दोन-तीन टेबलस्पून स्टॉक परत घाला. डोळ्यांवर भरवसा नसेल तर वजन करा: रिकामं भांडं आधी तोलून ठेवायचं, आणि आतलं सारण ९०० ते ९५० ग्रॅम उरलं की थांबायचं. मीठ आता घाला. सॉस आणि स्टॉक दोन्ही खारट असतात, सुरुवातीला घातलेलं मीठ आटल्यावर दुप्पट लागतं. सारण चाखताना जरा जास्तच चमचमीत वाटलं पाहिजे, कारण ते बऱ्याचशा अळणी पारीबरोबर खाल्लं जाणार आहे.

गरम मसाला, हिरवी मिरची, पुदिना घालायला हरकत नाही. न्यूझीलंडमध्ये बटर चिकन पाय सर्रास विकला जातो. पण पहिला पाय साधा करून बघा. मिरी आणि भाजलेल्या मांसाची चव एरवी आपल्या मसाल्यांखाली दबलेली असते.

आता गार करणं. सारण खोल पातेल्यात तसंच ठेवू नका, मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जिवाणूंना तेच हवं असतं. परातीत किंवा पसरट ताटात २-३ सेंटिमीटर जाडीचं पसरा, पंख्याखाली ठेवा, वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये. रात्रभर. सकाळी चमच्याने कापल्यावर त्याचा काप उभा राहिला पाहिजे.

खालची पारी

मैदा ३०० ग्रॅम, थंडगार बटर १५० ग्रॅम, एक अंडं, बर्फाचं पाणी ३ ते ४ टेबलस्पून. बटर बिनमिठाचं असेल तर अर्धा टीस्पून मीठ. नेहमीचं पिवळं खारवलेलं बटर वापरलं तर वरून मीठ नको.

हे म्हणजे करंजीच्या पारीचंच नातलग, फक्त मोहन गरम नाही, थंड. गरम मोहन मैद्याच्या कणाकणात शिरतं. इथे बटरचे बारीक तुकडे सुटे राहायला हवेत. उन्हाळ्यात मुंबई-नागपूरकडे हे अवघड जातं, कारण बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि स्वयंपाकघर तितकंच तापलेलं असतं. उपाय: मैदा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, बटर गोठवून किसणीवर किसा, आणि तळहाताऐवजी बोटांच्या टोकांनी चोळा. रवाळ दिसलं आणि मुठीत दाबल्यावर वळलं की फेटलेलं अंडं आणि तीन चमचे पाणी घाला. गोळा जमेल इतकंच जमवा.

केकच्या टार्टची पारी जितकी भुसभुशीत करतात तितकी ही नको. हा पाय हातात धरून खायचा आहे, पारीत थोडा दम लागतो. म्हणून गोळा जमल्यावर सात-आठ वेळा हलक्या हाताने मळा. पोळीच्या कणकेसारखं तिंबायला लागलात तर मात्र साच्यात आक्रसेल आणि चिवट होईल. चपटी थापी करून झाकून निदान ४५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्यात मैदा पाणी पितो आणि ताण सैलावतो.

झाकण

तयार पफ पेस्ट्री शीट मिळत असेल तर खुशाल वापरा, त्यात कमीपणा नाही. ऑस्ट्रेलियात फ्रीझरमध्ये मिळणाऱ्या साधारण २५ सेंटिमीटर चौरस शीटमधून १२ सेंटिमीटरची चार झाकणं निघतात. इथे ओळखीच्या बेकरीवाल्याकडे खारी-पॅटीसचं कच्चं पीठ मागून बघा, बरेचजण वजनावर देतात. ते बहुधा वनस्पती तुपातलं किंवा मार्जरिनचं असतं. फुगतं झकास, पण टाळूला चिकटतं.

घरी करायचं तर झटपट पफ: मैदा २०० ग्रॅम, बटर १५० ग्रॅम दीड सेंटिमीटरचे चौकोन करून, मीठ पाव टीस्पून, व्हिनेगर १ टीस्पून, बर्फाचं पाणी ९० मिलिलिटर. बटर मैद्यात चोळायचं नाही, नुसतं घोळवायचं. पाणी घालून ओबडधोबड गोळा करा. पांढऱ्या पिठात पिवळे खडे दिसत राहिले पाहिजेत. तो १५ बाय ४५ सेंटिमीटर लांबट लाटा, पत्रासारखी तिहेरी घडी घाला, पाव फेरा फिरवून पुन्हा लाटा आणि घडी घाला. अर्धा तास फ्रिजमध्ये, मग आणखी दोन वेळा. शेवटच्या घडीनंतर एक तास विश्रांती.

चिरोट्यांना साटा लावतो तसं तूप लावून चालणार नाही का, असा प्रश्न येतोच. नाही. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं, भट्टीत त्याची वाफ होते आणि थर उचलले जातात. तुपात पाणी नाही. शिवाय ते या कामाला हवं तसं ताठ पण लवचीक राहत नाही, एक तर वितळतं नाही तर कणी धरतं. चिरोटे तळताना तेल चारही बाजूंनी उष्णता देतं, इथे सगळं वाफेच्या जोरावर.

भरणं आणि भाजणं

भट्टी आधी पेटवा. २२० अंश, आणि आत रिकामा ट्रे ठेवून निदान २० मिनिटं तापवा. या तापलेल्या ट्रेवर साचे ठेवले की तळाला लगेच चटका बसतो आणि सारणाचा ओलावा मुरायच्या आत पारी कडक होते. ब्लाइंड बेक करायची, म्हणजे रिकामी पारी आधी भाजून घ्यायची, गरज त्यामुळे उरत नाही. ओटीजीत खालची आणि वरची दोन्ही कॉइल चालू ठेवा आणि ट्रे खालच्या खाचेत. मायक्रोवेव्ह-कन्व्हेक्शनवाल्यांची अडचण वेगळी आहे: त्यात खालून उष्णता येतच नाही. त्यांनी नुसती पारी साच्यात बसवून, वर बटर पेपर आणि राजम्याचे दाणे घालून १५ मिनिटं, आणि दाणे काढून पाच मिनिटं आधी भाजून घ्यावी. गरम हवेचा पंखा असलेल्या भट्टीत सगळीकडे २० अंश कमी धरा. स्वस्त ओटीजीचा काटा १५-२० अंशांनी खोटं बोलतो, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेऊन ठेवा.

पारीच्या पिठाचे सहा गोळे, प्रत्येकी ८५ ग्रॅमच्या आसपास. ३ मिलिमीटर जाड, १६ सेंटिमीटर व्यासाची पारी लाटा. फुलक्याइतकी पातळ नको, फाटेल. साच्यात बसवताना ओढू नका. उचलून सैल सोडा आणि तळाच्या कोपऱ्यात बोटाने हलकेच दाबा. ओढलेली पारी भट्टीत गेल्यावर ओढल्याइतकीच परत येते आणि भिंती खाली सरकतात. काठाबाहेर अर्धा सेंटिमीटर राहू द्या. पारी बसवलेले रिकामे साचे दहा मिनिटं फ्रिजमध्ये.

गार सारण प्रत्येकी १५० ग्रॅम. काठापासून अर्धा सेंटिमीटर खाली राहिलं पाहिजे. उरलेलं पोळीबरोबर खा, साच्यात कोंबू नका. पारीच्या काठाला अंड्याचं बोट फिरवा, १२ सेंटिमीटरचं झाकण ठेवा आणि दोन्ही थर काट्याने दाबून मिटवा. मुरड घातली तरी चालते, आणि करंजीवर हात बसलेल्यांची मुरड काट्यापेक्षा पक्की होते. बाहेरचं पीठ धारदार सुरीने कापून टाका. झाकणाच्या मधोमध बोटभर नव्हे, पेन्सिलच्या टोकाएवढी दोन भोकं पाडा. एक अंडं आणि एक चमचा दूध फेटून वर ब्रशने लावा, पण कापलेल्या कडेवर ओघळू देऊ नका. तिथे अंडं सुकलं की पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि झाकण एका बाजूने लंगडं फुगतं.

२२० अंशांवर १५ मिनिटं, मग १९० वर २० मिनिटं. भोकातून ग्रेव्ही बुडबुडताना दिसली, झाकणाचा रंग खारीपेक्षा एक छटा गडद झाला, की एक साचा काढून पाय अलगद उचलून तळ बघा. तो सगळीकडून सोनेरी हवा. पांढरट दिसला तर साच्याबाहेर काढलेले पाय त्याच गरम ट्रेवर पाच मिनिटं ठेवा. आतलं तापमान मोजायचं तर ७५ अंशांच्या वर. काढल्यावर दहा मिनिटं साच्यातच थांबा. तेवढ्यात ग्रेव्ही जरा बसते आणि भिंती कडक होतात. लगेच उचललेला पाय हातात मोडतो.

काय बिघडतं

तळ गिच्च होणं ही पहिली तक्रार, आणि तिची चार कारणं असतात: सारण कोमट भरलं, सारण पातळ होतं, ट्रे थंड होता, किंवा भरलेले पाय भट्टीबाहेर अर्धा तास ताटकळत राहिले. शेवटचं कारण सर्वात जास्त वेळा घडतं. एकदा भरले की ते थेट भट्टीत नाही तर फ्रीझरमध्ये, मधली जागा नाही.

झाकण उडून ग्रेव्ही बाहेर आली असेल तर एक तर सारण काठापर्यंत होतं, नाही तर काठाला सारणाचा तेलकट हात लागला. तेलावर अंडं चिकटत नाही. भरताना काठ पुसून घ्या. भोकं बुजली तरी हेच होतं, अंडं लावल्यावर सुईने पुन्हा मोकळी करा.

पाय कापल्यावर झाकण आणि सारण यांच्यात मोठी पोकळी दिसते, खिमा तळाशी कोरडा बसलेला असतो. याचा अर्थ बहुधा मैदा कमी पडला: ग्रेव्ही उकळून वाफ झाली, थोडी पारीत मुरली. मैद्याऐवजी नुसतं कॉर्नफ्लोअर वापरणाऱ्यांना, विशेषतः पाय गोठवणाऱ्यांना, वेगळाच अनुभव येतो. कॉर्नफ्लोअरची ग्रेव्ही गोठून वितळली की पाणी सोडते. आयत्या वेळी दाटपणा आणायला अर्धा चमचा ठीक, सगळा भार त्याच्यावर नको.

पफ फुगलंच नाही तर बटर लाटतानाच वितळलं होतं. पोळपाटाला बटर चिकटायला लागलं की समजा आणि लगेच पीठ फ्रिजमध्ये टाका, सुका मैदा भुरभुरवून वेळ मारून नेऊ नका.

तिकडच्या तऱ्हा

न्यूझीलंडचा लाडका प्रकार मिन्स अँड चीज. सारण तेच, पण झाकणाखाली २० ग्रॅम चेडरचा जाड काप ठेवतात. किसून खिम्यात मिसळलं तर ते ग्रेव्हीत विरघळून तेल सोडतं, अख्खा काप ठेवला तर वितळून वर एक थर होतो. सारण मग १३० ग्रॅम भरा. तिथे १९९६पासून देशभरातल्या बेकऱ्यांची पायची स्पर्धा भरते, आणि ती जिंकलेल्या बेकरीपुढे लोक रांगा लावतात.

सिडनीच्या वुलूमुलू बंदरावरच्या हॅरीज कॅफे द व्हील्स या गाडीवर 'टायगर' मिळतो: पायवर बटाट्याचा लगदा, त्यावर मऊ शिजवलेले वाटाणे, मध्ये खळगा करून ग्रेव्ही. याला अर्थातच बशी आणि चमचा लागतो.

मराठी माणसाला सर्वात ओळखीचा वाटेल तो ॲडलेडचा पाय फ्लोटर. खोलगट बशीत हिरव्या वाटाण्याचं दाट सूप, त्यात पालथा घातलेला पाय, वर टोमॅटो सॉस. थोडक्यात रगडा पॅटीस! पूर्वी ही रात्री उशिरा गाड्यांवर खाण्याची चीज होती, आणि २००३ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल ट्रस्टने त्याला त्या राज्याचं वारसाचिन्ह म्हणून मान दिला. करायला सोपा. २५० ग्रॅम सुके हिरवे वाटाणे पाव टीस्पून खाण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा, पाणी बदलून कुकरला पाच शिट्ट्या, मग मीठ-मिरी घालून निम्मे घोटा, निम्मे तसेच ठेवा. रगड्यापेक्षा थोडं सैल, वरणापेक्षा घट्ट. चिंच-गूळ नको, पण काहीजण व्हिनेगरचे चार थेंब मारतात आणि ते फार बरं लागतं. पाय पालथा का? पापुद्र्याचं झाकण सूप पिऊन मऊ होतं, आणि कडक तळ वर राहून चमच्याला काहीतरी कुरकुरीत सापडतं.

गोव्यात पोर्तुगीज वळणाच्या छोट्या एम्पादिन्यास मिळतात, डुकराच्या मसालेदार सारणाच्या. त्या चुलत घराण्यातल्या. सारण कोरडं आणि आंबटसर, त्यामुळे वर सांगितलेली निम्मी खबरदारी तिथे लागत नाही.

खाणं आणि ठेवणं

पाय कागदी पिशवीत किंवा रुमालात धरा, झाकणावर मध्यभागी टोमॅटो सॉसची गोळी सोडा, पुढे वाका आणि काठाचा छोटा घास घ्या. त्या खिंडारातून फुंकर मारा. झाकण कोमट झालं तरी आतली ग्रेव्ही कढत असते, कारण दाट द्रव उष्णता धरून ठेवतो. न्यूझीलंडच्या एका टीव्ही कार्यक्रमात गस्तीवरच्या पोलिसाने पहाटे पाय खायला निघालेल्या तरुणाला 'पायवर नेहमी फुंकर मार' असं सुनावलं, आणि ते वाक्य देशभर म्हणीसारखं झालं.

विकायला किंवा पंगतीला करत असाल तर गरम कपाट ६० अंशांच्या वर हवं. ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात एकूण चार तासांपेक्षा जास्त राहिलेला पाय टाकून द्या, दोन तासांपेक्षा जास्त राहिलेला पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका. शिऱ्यासारखा परत गरम करून तो 'वाचत' नाही.

घरासाठी सर्वात सोयीचं म्हणजे कच्चे पाय गोठवणं. फॉइलच्या भांड्यासकट उघडे गोठवा, कडक झाले की पिशवीत घाला, दोन महिन्यांत संपवा. भाजताना वितळवायचं नाही: फ्रीझरमधून थेट तापलेल्या ट्रेवर, २०० अंशांवर २० मिनिटं आणि १८० वर आणखी ३० ते ३५. अंडं त्याच वेळी लावा. भाजलेला पाय फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो. गरम करायचा तर १७० अंशांच्या ओटीजीत २० मिनिटं, वर फॉइलचा तुकडा झाकून. घाई असेल तर मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट आणि मग दहा मिनिटं ओटीजीत. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये पारी आधी ओली होते आणि गार होता होता चामड्यासारखी.